दिवेकर काकांचं ‘कशावरून?’

दिवेकर काकांनी मला माझं वजन विचारलं तेव्हा मी जिन्यात उभी होते, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या, आणि काकांचा आवाज असा खणखणीत की खालच्या मजल्यावरच्या बायकांनाही प्रश्न व्यवस्थित ऐकू गेला.

"बर्वेबाई, तुमचं वजन किती हो?"

आता अशा माणसाला काय म्हणायचं सांगा! दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर पिशवीतला दुधी भोपळा घातला असता डोक्यात. पण काकांच्या चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता. तराजू घेऊन बसलेला दुकानदार विचारतो तितक्या सरळपणे त्यांनी विचारलं होतं. मी सांगितलं, अर्थात थोडं कमी करून. त्यांनी मला एकवार आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "कशावरून?"

हा त्यांचा शब्द. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीतली पोरं त्यांना मागून ‘कशावरून काका’च म्हणायची. त्यांची उभी नोकरी मोटारी बनवणाऱ्या एका कारखान्यात, इंजिनं तपासण्याच्या विभागात झाली. इंजिन बनवणारे त्याच्याबद्दल जे जे सांगतात ते खरं आहे का, हे बघायचं काम. निवृत्त झाल्यावर तपासायला इंजिनं उरली नाहीत, मग माणसं तपासायला लागले. दूधवाला म्हणाला, दूध ताजं आहे, की "कशावरून?" मी नवीन गाडी घेतली आणि कौतुकानं सांगितलं की मायलेज छान देते, तर पेढा हातात धरून, तोंडात न टाकता, "कशावरून?" मी म्हटलं, अहो, समोरच्या काट्यावर आकडा दिसतो ना. "तो आकडा गाडीनंच दाखवलाय. परीक्षेला बसलेल्या मुलाला स्वतःचे मार्क सांगायला लावाल का?" मग पेढा खाल्ला आणि म्हणाले, "पेढा मात्र चांगला आहे. हे मी खाऊन सांगतोय."

राग यायचा त्यांचा, खोटं कशाला बोलू. एकदा सोसायटीतल्या एका मुलासाठी स्थळ आलं होतं. मुलीचे वडील चौकशी करत करत नेमके दिवेकरांच्या दारात. मुलगा कसा आहे? काका म्हणाले, "जिन्यात थुंकत नाही. गाडी लावताना दुसऱ्याच्या जागेत लावत नाही. यापलीकडे मला माहिती नाही." मुलाच्या आईनं नंतर महिनाभर काकांशी अबोला धरला. पण लग्न जमलं, आणि जमायचं कारण मुलीच्या वडिलांनीच मांडवात सांगितलं. म्हणे, बाकी सगळ्यांनी मुलाला देव्हाऱ्यात बसवला होता, एवढा एकच माणूस बघितलेलं तेवढंच बोलला.

गणपतीत आम्ही काकांचा सत्कार ठेवला होता. अध्यक्ष रंगात येऊन म्हणाले, दिवेकरांनी आपल्या सोसायटीसाठी अहोरात्र कष्ट घेतले. शाल अंगावर असतानाच काका माइकपाशी गेले. "रात्री मी झोपतो," म्हणाले, आणि नारळ घेऊन जागेवर जाऊन बसले.

रविवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये त्यांचा दरबार भरायचा. जुन्या गाड्या असलेली माणसं कुठून कुठून यायची. काका बॉनेट उघडून आधी नुसते ऐकत उभे राहायचे, डोळे मिटून. त्यांची स्वतःची गाडी छोटी, साय आलेल्या दुधाच्या रंगाची, आता कुणी बनवत नाही अशी. तिचा हवेचा फिल्टर काढून ते कुंपणाच्या भिंतीवर हलकेच आपटायचे आणि धुळीचा ढग उडाला की खूश व्हायचे. मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, पण फिल्टर म्हणजे काय ते त्यांच्यामुळेच कळलं. इंजिनाला जाळायला पेट्रोल लागतं तशी हवाही लागते, आणि ती हवा या घडीघडीच्या कागदातून गाळून आत जाते. बस, एवढंच.

काकू अगदी उलट. सुधाकाकूंना कुणाचंही काहीही पटायचं. सगळ्या जगाला ‘हो ना’ म्हणून त्या काकांच्या ‘कशावरून’ची भरपाई करत असाव्यात. त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं की निखिल, म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, दहावीत गणितात पैकीच्या पैकी मार्क घेऊन धावत घरी आला, तर काकांनी पेपर मागवून घेतला आणि तो सगळा स्वतः सोडवून बघितला. मग म्हणाले, सोपा होता. "तेव्हापासून," काकू म्हणाल्या, "पोरगं यांच्याकडून एका ‘वा’ची वाट बघतंय हो." हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते.

हाच निखिल चांगली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून गाड्यांचे फिल्टर बनवायला लागला. लोणी काळभोरला भाड्यानं एक शेड घेतली होती. कागदाऐवजी कापडाचे, लाल रंगाचे, जाळीत बसवलेले, तेलाचा हात दिलेले फिल्टर. खराब झाला की फेकायचा नाही, धुऊन पुन्हा घालायचा. मी आमटीचा डबा परत द्यायला गेले होते तेव्हा त्यानं पहिलं खोकं काकांच्या पुढ्यात, जेवणाच्या टेबलावर ठेवलं. खोक्यावर ठसठशीत अक्षरांत छापलं होतं : ‘मायलेज वाढवा! पिकअप वाढवा!’

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. आता तो शब्द येणार म्हणून काकूंनी पदराचं टोक मुठीत धरलं.

"कशावरून?"

"बाबा, सिंपल आहे. कागदापेक्षा यातून हवा जास्त पास होते. हवा जास्त, म्हणजे पॉवर जास्त. कस्टमर्सना फरक जाणवतो. स्वतः सांगतात."

"मला जेवढी भूक आहे तेवढंच मी जेवणार. तू दरवाजा मोठा केलास म्हणून जास्त जेवेन का? स्वच्छ कागदातूनही इंजिनाला हवी तेवढी हवा मिळते. पाय पार खाली दाबलास तर पडेल कदाचित किंचित फरक. पण पुण्यात पाय पार दाबायला रस्ता कुठाय?"

"बाबा, तुमच्या कार्बोरेटरच्या जमान्यात—"

"त्या जमान्यात फिल्टर तुंबला की पेट्रोल जास्त जायचं, ते खरं होतं. आताची गाडी, आपली ही छोटीसुद्धा, हवा मोजते आणि तेवढंच पेट्रोल सोडते."

निखिलनं पुढचं सांगितलं ते हळू आवाजात. बिबवेवाडीतला एक मोठा स्पेअर पार्टवाला त्याचा सगळा माल उचलायला तयार होता. अट एकच. दिवेकर सरांनी एकदा म्हणायला हवं, की मायलेज वाढतं. जुन्या गाडीवाल्यांत काकांच्या शब्दाला तेवढी किंमत होती. "तो माल गेला नाही तर शेड सोडावी लागेल, बाबा."

काका बराच वेळ तो लाल फिल्टर उलटसुलट करून बघत बसले. कडेच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "आधी तपासतो."

आणि म्हणून माझं वजन! काकांची तपासायची रीत अशी की आपल्या छोट्या गाडीची टाकी काठोकाठ भरायची, कर्वेनगरहून लोणी काळभोरला जायचं, तसंच परत यायचं, आणि त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरायची. जेवढं पेट्रोल बसलं तेवढं जळलं. रस्ता तोच, वेळ सकाळची तीच, चाकांत हवा तेवढीच, एसी बंद, आणि गाडीत माणसंही तीच. नोंदी लिहायला कुणीतरी बरोबर हवं, आणि काकूंना गाडी लागायची. राहिले मी. माझी नुकतीच निवृत्ती झाली होती, आणि काकांच्या मते मी ‘एक स्थिर वजन’ होते. स्थिर! मी एकदा निघताना थालीपीठ खाल्लं तर म्हणाले, "मग मागच्या खेपेलाही खायला हवं होतंत."

पंपावर तर लाज जायची. नळी बंद झाली की काका खाली उतरून गाडीला मागून धरून गदागदा हलवायचे, टाकीतले बुडबुडे निघावेत म्हणून. मी आतच. बाळाला पाळण्यात हलवावं तशी हलत असायची, आणि मागे रांगेतली माणसं हॉर्न वाजवायची. पंपावरचा माणूस लोणीकडचाच होता. तो वैतागून म्हणायचा, "काका, गळ्यापातूर भरलीया टाकी. आता काय चमच्यानं पाजू का तिला?"

"थेंब थेंब सोड. घाई कुणाला आहे?"

"मला हाय की!"

पण खरी गंमत पुढेच आहे. दोनचार खेपा झाल्यावर काकांच्या ध्यानात आलं की कुठला फिल्टर घातलाय हे आपल्याला माहीत असणं बरोबर नाही. कारखान्यात इंजिन कुणाची भीडभाड ठेवत नव्हतं, कारण ते चालवायला यंत्र होतं. इथे चालवणारा माणूस. तेव्हा ठरलं, फिल्टर काकू बदलणार आणि कुणालाही सांगणार नाहीत. साठीच्या पुढच्या सुधाकाकू, ज्यांनी आयुष्यात कधी गाडीचं दारसुद्धा स्वतः नीट लावलं नव्हतं, त्या पदर खोचून बॉनेटमध्ये वाकलेल्या, आणि काका जिन्यापाशी पत्रांच्या पेट्यांकडे तोंड करून, शाळेत शिक्षा झाल्यासारखे उभे. काकूंच्या हातून क्लिपा निघायच्या नाहीत. "अहो, ही कुठे दाबू?" "सांगणार नाही! सांगितलं तर वळावं लागेल!"

नव्या फिल्टरचा आवाज जरा खर्जातला येतो. तो ओळखू येऊ नये म्हणून काका गाडी चालवताना कानात कापसाचे बोळे घालायला लागले. हडपसरची ती गर्दी, मागे ट्रक बोंबलतोय, आणि आमचे सारथी ठार बहिरे! मी त्यांच्या दंडाला चिमटे काढून हॉर्न कळवायची. उजवा चिमटा, डावा चिमटा. घरी परत आल्यावर देवाला निरांजन लावायची मी, खरंच.

मग तो दिवस आला. त्या सकाळी हडपसरच्या पुलाचा चढ चढताना काकांचा चेहरा एकदम उजळला. इतकी वर्षं शेजारी राहते, पण तो चेहरा मी कधी बघितला नव्हता. कापसाचे बोळे काढून त्यांनी खिशात टाकले. "बर्वेबाई, आज निखिलचा आहे! बघा कशी निघाली! पाय ठेवायचा अवकाश!" येताना दुसरं बोलणं नाही. कापड चांगलं निवडलंय कार्ट्यानं. शिवण बघितलीत का? मशीनवरची वाटत नाही इतकी सुबक. लहानपणी म्हणे तो खेळण्यातल्या गाड्या उघडून पुन्हा जोडायचा आणि एकही स्क्रू उरायचा नाही. पंपावर टाकी भरली तर खरंच रोजच्यापेक्षा कमी पेट्रोल बसलं. काकांनी पंपावरच्या माणसाला चहा पाजला. तो बिचारा घाबरूनच गेला.

घरी आलो. चप्पलही न काढता काका स्वयंपाकघराच्या दारात. "सुधा, फोन लाव निखिलला."

काकूंच्या हातात लाटणं होतं. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं काही अशुभ कळलंय. "अहो," त्या म्हणाल्या, "आज कागदाचाच होता."

तव्यावरची पोळी करपायला लागली तरी कुणी हललं नाही. काका तिथेच स्टुलावर बसले. आपल्या उजव्या पायाकडे बघत राहिले. पायात अजून चप्पल होती.

"म्हणजे पेट्रोल फिल्टरनं वाचवलं नाही," ते म्हणाले. "मला वाटलं पोराचा आहे, म्हणून मी हळुवार चालवली. माझ्या पायानं पोराची बाजू घेतली, सुधा."

काकू म्हणाल्या, मग सांगा ना तसंच त्या दुकानदाराला, वाढतं म्हणून. हो म्हणा एकदा. काय जातंय? सगळं जग म्हणतं. मलाही मनातून तसंच वाटत होतं. एवढा प्रेमानं उजळलेला चेहरा वाया जाऊ नये असं वाटत होतं. पण काकांनी मान हलवली, आणि त्यानंतर आणखी किती तरी खेपा केल्या. पायाला वेसण घालून, एका वेगानं. कुठलाही फिल्टर असो, फरक पडला नाही.

बिबवेवाडीवाल्याचा फोन आला तेव्हा दार उघडं होतं, मला सगळं ऐकू आलं. "मायलेज वाढत नाही. पिकअपही नाही. आवाज वाढतो, तो लोकांना पिकअप वाटतो... नाही, माल वाईट नाही. बनावट पक्की आहे, धूळ अडवतो. फेकावा लागत नाही, धुऊन वापरता येतो, हा त्याचा खरा गुण. गिऱ्हाइकाला सांगा, धुताना पाणी आतल्या बाजूनं बाहेर मारायचं. उलटं मारलं तर धूळ कापडात रुतते... हो. मुलगाच आहे माझा." मग बराच वेळ ऐकत राहिले आणि फोन ठेवला.

संध्याकाळी निखिल आला. त्याचा आवाज असा चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "एकदा! आयुष्यात एकदा माझ्यासाठी गप्प बसला असतात! परका माणूससुद्धा चार चांगले शब्द बोलतो, बाबा!" काका म्हणाले, "चांगले बोललो की. शिवण पक्की आहे म्हणालो." त्यावर निखिल हसला, ते हसणं रडण्यापेक्षा वाईट होतं. दार आपटून गेला. नंतर फोन यायचा तो फक्त आईला.

शेड सुटली. लहान गाळा घेतला त्यानं, तिथेच लोणीला. काकूंकडून मला कळलं की त्यानं खोक्यावरच्या मायलेजच्या ओळीवर पांढरी पट्टी चिकटवली आणि ‘धुवा, पुन्हा वापरा’ एवढंच ठेवलं. टॅक्सीवाले थोडे थोडे घ्यायला लागले होते. काकूंनी हे काकांना सांगितलं तर ते नुसतं "बरं" म्हणाले. कशावरून, असं विचारलंच नाही. तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची काळजी वाटली. रविवारचा दरबारही बंद झाला. दूधवाला म्हणाला, दूध ताजं आहे, तर पातेलं पुढे केलं. बोलायला जावं तर माणूस हूं हूं करणार. मी एकदा चिडून म्हटलंसुद्धा, "अहो, तुम्हीच फोन करा ना त्याला! एवढा कसला ताठा?" तर म्हणाले, "करून काय सांगू? निकाल तोच आहे."

काकांना जाऊन आता वर्ष होत आलं. झोपेतच गेले. पण मला त्यांचं आठवतं ते रूप त्याच्या थोडं आधीचं आहे, काकूंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला निखिल आला होता त्या सकाळचं.

तो तेव्हा वर यायचा नाही. खाली पार्किंगमध्ये थांबायचा आणि आईला फोन करायचा. मी भाजी घेऊन येत होते. काका गाडीचं बॉनेट उघडं टाकून, बादली घेऊन खाली बसले होते. निखिल फाटकातून आत आला आणि थबकला. काकांच्या हातात लाल फिल्टर होता. कड झिजलेली, रंग उडालेला. वापरून वापरून होतो तसा.

"हा अजून गाडीत आहे?"

"मग कुठे असणार?"

"तुम्हीच म्हणालात ना, फरक पडत नाही."

"नाहीच पडत." काकांनी तांब्या बादलीत बुडवला. "फरकच पडत नाही म्हटल्यावर तुझाच असू दे म्हटलं. कंपनीचा कशाला घालू?"

निखिलच्या हातात गाडीची किल्ली होती, ती त्यानं उगाच या हातातून त्या हातात घेतली. काकांनी एकदा त्याच्या बुटांकडे बघितलं. मग फिल्टर उलटा केला आणि बाहेरच्या बाजूनं पाणी ओतायला लागले.

मी बघतच राहिले. फोनवर त्या दुकानदाराला ठासून सांगणारा हाच माणूस!

"बाबा, उलटं धुताय. आतून बाहेर पाणी मारायचं."

काकांनी मान वर केली. चष्म्यावर पाण्याचे शिंतोडे होते.

"कशावरून?"

किती महिन्यांनी ऐकला मी तो शब्द! निखिल त्यांच्याकडे बघत उभा राहिला. मग त्यानं बाह्या दुमडल्या आणि बादलीपाशी उकिडवा बसला.

"मी बनवलाय म्हणून."

"बरं," काका म्हणाले, आणि तांब्या त्याच्या हातात दिला.

मी पिशव्या तिथेच टाकल्या आणि काकूंना सांगायला जिना चढायला लागले. पहिल्या वळणावर मागून काकांचा आवाज आला, "सुकल्यावर तेल जास्त लावू नकोस हं."

"बाबा!"

"राहिलं."